कागदावर अर्धी असलेली गाडी

त्या गाडीचं कौतुक आजही कोणी ना कोणी माझ्याकडे करतं. "तू त्या वर्कशॉपमध्ये होतीस ना? मग ती निळी इटालियन गाडी तुमच्याकडेच झाली! काय काम केलंयत!" मी हसून मान डोलावते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. शिकलेल्या माणसांसमोर आधी गप्प बसायचं, विचारलं तरच बोलायचं, हे अंगात इतकं मुरलंय की अजून जात नाही. या अंकासाठी संपादकांनी कामाविषयी लिहायला सांगितलं, तेव्हाही "मी काय लिहिणार" असंच तोंडात आलं. मग वाटलं, निदान एकदा तरी मान न डोलावता सांगावं. ते काम फार सुंदर झालं, आणि ते व्हायला नको होतं. मला त्याचा राग आहे. अजून आहे.

आधी हे काम काय असतं ते सांगते, कारण माझ्या आईला ते शेवटपर्यंत समजलं नाही. "म्हणजे तू गॅरेजमध्ये असतेस?" ती फोनवर विचारायची आणि मग आवाज खाली करून, "कुणाला सांगू नकोस हो."

पूर्वी, म्हणजे साधारण पन्नास-साठ वर्षांपूर्वी, श्रीमंत माणूस नेहमीच तयार गाडी घ्यायचा असं नाही. कारखान्यातून इंजिन, चाकं आणि त्यांना धरून ठेवणारा सांगाडा घ्यायचा आणि आपण कापड घेऊन शिंप्याकडे जातो तसा तो सांगाडा बॉडी बांधणाऱ्याकडे न्यायचा. "मला अशी शिवून दे." इटलीत, विशेषतः ट्यूरिन शहरात, असे शिंपी गल्लोगल्ली होते. चित्रकार चित्र काढायचा, सुतार त्यावरून लाकडी साचा करायचा आणि पत्रे ठोकणारे ॲल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठोकून ठोकून त्या साच्यावर बसवायचे. काही गाड्या अशा की एकच झाली. पुन्हा तशी कोणी मागितली नाही, कोणी केली नाही.

अशा जुन्या गाड्या दुरुस्तीला आमच्याकडे यायच्या. इंग्लंडमध्ये, लेस्टर आणि बर्मिंगहॅमच्या मधल्या एका खेड्यात आमचं वर्कशॉप होतं. मी लेस्टरमध्ये बेलग्रेव्ह रोडच्या मागे खोली घेऊन राहत असे. सकाळी ट्रेन, मग बस, मग शेतांच्या कडेने थोडं चालणं. त्याच भागातल्या, म्हणजे मिडलंड्समधल्या, एका युनिव्हर्सिटीत मी गाड्यांच्या डिझाइनचं शिक्षण घेतलं आणि शिकता शिकताच या वर्कशॉपमध्ये लागले, ती सात वर्षं राहिले. माझं काम नोंदीचं. गाडी उघडण्याआधी तिचे फोटो काढायचे, ती इंच न् इंच मोजायची आणि ती कोणी, कशी, का बनवली हे शोधून तिचा इतिहास लिहायचा. मोजायला एक यंत्र होतं: सांध्यासांध्यांचा लोखंडी हात, टोकाला मणी. मणी पत्र्याला टेकवला की ती जागा कॉम्प्युटरवर ठिपका होऊन उमटायची. दिवसभर ठिपके. संध्याकाळी पडद्यावर गाडी उभी.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक निवृत्त न्यायाधीश दर शनिवारी सँडविचचा डबा घेऊन यायचे आणि बॉडी काढलेल्या नुसत्या सांगाड्यावर खुर्ची ठेवून तासभर स्टिअरिंग धरून बसायचे. एका बाईंनी नवऱ्याची गाडी रंगवायला दिली, पण मागच्या सीटवरचे कुत्र्याच्या नखांचे ओरखडे तसेच ठेवायला सांगितले. आमचा मालक मार्टिन म्हणाला, "तो तर गाडीचा इतिहास आहे, बाईसाहेब. त्याला आम्ही हात लावणार नाही." तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता. मला वाटलं, बरोबर जागी आले मी.

मग ती निळी गाडी आली.

तिचे मालक डॉक्टर सबनीस. मूळ पुण्याचे, बर्मिंगहॅममध्ये तीस वर्षं दातांचे डॉक्टर. वाकडे दात तारा लावून सरळ करणं ही त्यांची खासियत. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मार्टिनशी हात मिळवायचंच विसरले.

"मराठी? इथे? कुठली गं तू?"

"सांगलीकडची, सर."

"अरे वा! आमच्या हिची मावशी सांगलीची. वडील काय करतात?"

"सूतगिरणीत होते."

"छान, छान," ते म्हणाले, आणि ते ‘छान’ कशाबद्दल होतं ते मला कळलं नाही. "गणपतीला ये घरी. आणि माझी गाडी नीट बघ हं, पोरी. आयुष्यात एवढी एकच हौस केलीय."

माणूस वाईट नव्हता, हे मला लिहिलंच पाहिजे. वाईट असता तर रागवायला सोपं गेलं असतं.

गाडी मात्र काय होती! नाक इतकं खाली की पुढे वाकून जमीन हुंगतेय असं वाटायचं. त्या काळात अमेरिकेतल्या गाड्यांना मागे मोठमोठे पंख काढायची लाट होती. हिच्या चित्रकाराने ते पंख घेतले, पण बोटभर केले आणि दाराशी आणून विरघळवून टाकले, जणू लाटेची चेष्टा. शेपूट सुरीने कापल्यासारखं सपाट. वारा कापायला तेच बरं, हे तेव्हा नुकतं कुणाकुणाला उमगत होतं. ट्यूरिनमधल्या एका छोट्या कारखान्यात ती बनली, एका प्रदर्शनात उभी राहिली, मिलानच्या एका कापडवाल्याने नेली, आणि पुढे फिरत फिरत स्कॉटलंडमधल्या एका हेडमास्तरांकडे पोचली. त्यांनी ती वर्षानुवर्षं शाळेत न्यायला वापरली, पावसाबर्फात. तो कारखाना केव्हाच बंद पडला. पण चित्रकाराच्या मूळ आराखड्याची एक प्रत मला इटलीतल्या एका संग्राहकाकडून मिळाली, आणि ती उघडली तेव्हा मी थक्क झाले. समोरून काढलेल्या चित्रात मधोमध एक उभी रेघ होती. रेघेच्या एका बाजूला गाडीची डावी बाजू, बारीक बारीक मापांसकट. दुसऱ्या बाजूला कोरा कागद.

ही त्या धंद्यातली पद्धतच होती. दोन्ही बाजू सारख्याच, मग दोनदा कशाला काढायच्या? चित्रकार अर्धी गाडी काढून द्यायचा. उरलेली अर्धी कारखान्यातली माणसं करायची.

मोजणी संपली आणि पडद्यावर एक गोष्ट दिसली. पुढच्या चाकावरचा फुगीर पत्रा, आपण मडगार्ड म्हणतो, तिकडे त्याला विंग म्हणतात. उजवी विंग डावीपेक्षा बोटभर उंच होती. नुसत्या डोळ्यांनी पटकन कळत नव्हतं, पण एकदा कळलं की समोर उभं राहिल्यावर तेच दिसायचं. मला आधी वाटलं, कुठेतरी अपघात झाला असेल. मी डेरेकला बोलावलं. डेरेक आमचा पत्र्याचा कारागीर, नॉटिंगहॅमचा, सगळ्यांना ‘डक’ म्हणायचा. बदकाशी संबंध नाही, आपण ‘बाळ’ म्हणतो तसं. त्याने आतून दिवा धरला, बोटं फिरवली.

"जोड नाही, पुट्टी नाही. एका पत्र्यात, एका हाताने केलंय. जन्मापासून अशीच आहे ही, डक."

मी तसं लिहून दिलं. मार्टिनने वाचलं आणि डॉक्टरांना फोन लावला. पुढच्याच शनिवारी बैठक झाली. डॉक्टरांना ही गाडी त्या उन्हाळ्यात एका स्पर्धेत उतरवायची होती. अशा स्पर्धा मोठ्या वाड्यांच्या हिरवळीवर भरतात; गाड्या ओळीने उभ्या करतात, परीक्षक वाकून वाकून बघतात आणि गुण कापतात.

"विंग सारखी करायची," डॉक्टर म्हणाले.

"कुठली, सर?" मी विचारलं. माझा आवाज बारीक निघाला. "म्हणजे, दोन्हीपैकी चुकीची कुठली?"

"उजवी. प्रदर्शनातल्या सगळ्या जुन्या फोटोंत डावी बाजू आहे. परीक्षक तेच फोटो घेऊन येणार."

एवढंच कारण. फोटोग्राफर डावीकडे उभा होता, म्हणून उजवी बाजू चूक.

"पण सर, ती मूळची आहे."

"अगं, मूळचे दातही वाकडेच असतात," ते हसून म्हणाले. "मी काय करतो मग? मला ते दिसत राहील गं. झोप लागणार नाही."

मार्टिनही हसला, त्याला मराठी कळत नसताना.

दोन दिवसांनी मी डॅशबोर्डचे फोटो काढायला आत बसले. स्टिअरिंग डावीकडे, इटलीतल्यासारखं. फोटो झाले, आणि मी सहज समोर बघितलं. बॉनेटच्या मध्ये इंजिनासाठी एक उंचवटा होता. त्याच्या डावीकडून डाव्या विंगची पाठ दिसत होती, आणि उजवीकडून उजव्या विंगची. अगदी सारख्या. जणू दोन टेकड्या आणि मधून रस्ता. मग खाली उतरून समोर गेले: उजवी उंच. परत येऊन बसले: सारख्या.

माझ्या मनात आलं ते खरं की खोटं, याची मला धास्ती वाटली. मी डेरेकला हाक मारली आणि काही न सांगता त्याला बसवलं. तो माझ्यापेक्षा हातभर उंच. त्यालाही त्या सारख्याच दिसल्या. मग त्याने मला उजव्या विंगवर चिकटपट्टी लावायला सांगितली: डाव्या विंगइतकी केली तर पत्रा जिथपर्यंत येईल, त्या उंचीवर. मी लावली.

"दिसते का?" मी विचारलं.

"काही नाही. उंचवट्याआड गेली." तो बाहेर आला, हात पुसत. "चालवणाऱ्याला त्या बाजूचं नाक कुठे संपतं ते कळावं म्हणून वर उचललीय. इतकी सफाईने, की बसणाऱ्याला दोन्ही सारख्या वाटाव्यात. हे कोणीतरी आत बसून ठरवलंय. एक जण आत, एक जण हातोडी घेऊन बाहेर."

मला तेव्हा रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं. कोऱ्या अर्ध्या कागदावर त्या माणसांनी काय लिहिलं होतं ते मला वाचता आलं होतं. त्यांची नावं कुठेच नाहीत, चित्रकाराचं तेवढं आहे. आणि मला वाटलं, झालं! आता काही चिंता नाही. डॉक्टर शिकलेले आहेत. त्यांना दाखवलं की संपलं.

माझ्या घरात शिक्षणाचा हाच अर्थ होता. वडील म्हणायचे, माणसं चुकतात ती ठाऊक नसतं म्हणून. ज्याला कळतं तो चुकत नाही. त्यासाठीच मला शिकवलं त्यांनी.

शनिवारी डॉक्टर आले. मी त्यांना आत बसायची विनंती केली. त्यांनी गुडघे सांभाळत अंग आत घातलं, समोर बघितलं.

"आता चिकटपट्टी शोधा, सर. दिसत नाही ना? तिच्या वरचा पत्रा गेला असं समजा."

त्यांनी मान इकडेतिकडे करून पट्टी शोधली. मग हलकेच म्हणाले, "बाई गं. हे मुद्दाम केलंय की."

"हो सर!"

"काय डोकं असेल एकेकाचं." त्यांनी स्टिअरिंगवर हात फिरवला. त्यांना कळलं होतं. मी शपथेवर सांगते, माझ्याइतकंच कळलं होतं. त्यांचा चेहरा मी पाहिला आहे.

मग ते उतरले, पँट झटकली, समोर गेले आणि पेशंटचा जबडा बघावा तसा एक डोळा बारीक केला.

"पण इथून वाकडी दिसते."

"सर, ती इथून बघायला केलेली नाही."

"परीक्षक इथेच उभे राहणार ना?"

"पण आत बसलं की…"

"अगं, आत बसणार कोण? मी ती चालवणार नाहीये. उभी करणार आहे."

"आपण परीक्षकांना लिहून देऊ. मी लिहिते, सर. डेरेक सांगेल."

"कागद आहे का तसा? इटलीचा?"

"कागदावर उजवी बाजूच नाहीये, सर."

"मग झालं तर." त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "हुशार आहेस. पीएचडी कर."

त्यांना कळलं नसतं तर मी पुन्हा समजावलं असतं, दहा वेळा समजावलं असतं. तेवढं मला येतं. पण कळल्यावर काय करायचं ते मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

ते गेल्यावर मार्टिनने मला ऑफिसात बोलावलं. "तुमच्या भाषेत गिऱ्हाइकाशी वाद घालत होतीस?"

"वाद नाही. मी समजावत होते."

"गाडी त्याची आहे."

"कुत्र्याच्या ओरखड्यांना हात लावायचा नाही म्हणालास तू. तो इतिहास म्हणालास."

"कारण त्या बाईंना ते हवे होते," तो म्हणाला. त्यात काही लपवावं असंही त्याला वाटलं नाही. वर हेही सांगितलं, की माझ्या वर्क परमिटवर त्याची सही असते, तेव्हा जरा जपून. मी जपून राहिले. याचाही राग आहेच, पण तो निराळा.

विंग डेरेकनेच कापली. मी त्याला डबा खाताना गाठलं.

"तुला माहीत आहे ते काय आहे. मग तू का करतोस?"

त्याने सँडविच खाली ठेवलं. "मी नाही म्हटलं तर गाडी दुसरीकडे जाईल, डक. तिथला कोणी बॉनेटही बिघडवेल. मी निदान तेवढंच कापेन."

मला हे उत्तर तेव्हा पटलं नाही. आजही अर्धंच पटतं. पण नवी विंग त्याने अशी केली की हात फिरवला तर कुठे थांबावं कळू नये. डाव्या बाजूचं आरशातलं रूप. पडद्यावर ठिपक्यावर ठिपका बसला.

जुनी विंग मी मागितली. भंगारात जाण्यापेक्षा एखाद्या कॉलेजला देऊ म्हटलं, मुलांना शिकायला. मार्टिनने विचारून बघितलं. डॉक्टरांचा निरोप आला: तुकडे करा आणि तुकड्यांचा फोटो पाठवा. या धंद्यात ही भीती असते. अशा एकुलत्या एक गाडीचा मूळ पत्रा बाहेर राहिला, तर उद्या कोणी तो दुसऱ्या सांगाड्यावर चढवेल आणि खरी गाडी माझी म्हणेल. डेरेकने कात्रीने तुकडे केले. फोटो माझ्या कामात मोडत होता. मी कॅमेरा टेबलावर ठेवला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. फोटो मार्टिनने काढला.

मग इतिहासाची पाळी आली. गाडीबरोबर माझी फाइल जायची होती. मार्टिनला एक वाक्य हवं होतं: ‘जुन्या अपघातात बिघडलेली उजवी विंग मूळ आकारात आणली.’

"अपघात झालेला नाही," मी म्हटलं.

"कुणाला माहीत?"

"मला. तुला. डेरेकला. डॉक्टरांना."

"मग तू लिहू नकोस."

ते वाक्य त्याने लिहिलं. मी फक्त माझं नाव काढायला लावलं. तेवढंच जमलं. कदाचित मी जास्त ओरडायला हवं होतं. पण ओरडणं हेही कुठेतरी शिकावं लागतं, आणि आमच्याकडे मुलींना ते कोणी शिकवत नाही.

स्पर्धेच्या दिवशी मार्टिनने मला गाडी पुसायला डेरेकबरोबर पाठवलं. ऊन होतं, हिरवळ होती, टोप्या घातलेल्या बायका होत्या. परीक्षक आले, समोर उभे राहिले, हातातला जुना फोटो बघितला, गाडी बघितली. एकाने दोन्ही तळवे दोन्ही विंगांवर ठेवले आणि डोळे मिटून मान हलवली. आत कोणीही बसलं नाही. दुपारी निकाल लागला. आमच्या गटातलं पहिलं बक्षीस.

अशा ठिकाणी बक्षीस घ्यायला गाडी चालवत न्यावी लागते. दोरखंडांमधली अरुंद वाट, दोन्हीकडे खुर्च्या टाकून बसलेले लोक आणि शेवटी मंचावर जाणारी लाकडी चढण. डॉक्टर कोट नीट करून आत बसले. सौ. सबनीस शेजारी. गाडी सुरू झाली, लोकांनी टाळ्या सुरू केल्या. गाडी चार हात पुढे गेली आणि थांबली. पुन्हा जराशी सरकली, पुन्हा थांबली. उजव्या बाजूच्या पहिल्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

डॉक्टरांनी खिडकीतून डोकं काढलं आणि मला शोधलं. मराठीत बोलले, म्हणजे बाकीच्यांना कळू नये.

"अगं, इकडे ये. त्या बाजूचं काही दिसत नाहीये. जरा पुढे चालत हात दाखव ना."

डेरेक माझ्याकडे बघत होता. त्याला शब्द कळले नव्हते, पण काय मागितलंय ते कळलं होतं. मी खिडकीपाशी गेले. इतकी वर्षं मी मोठ्यांशी ज्या आवाजात बोलत आले, तो आवाज त्या वेळी निघाला नाही.

"दिसत होतं, सर," मी म्हणाले. "तुम्ही स्वतः बसून बघितलं होतं. मग कापायला लावलंत."

सौ. सबनीस त्यांच्याकडे बघायला लागल्या. "काय कापलं?" त्यांनी विचारलं. "काय म्हणतेय ती?"

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, हसू तसंच ठेवून, दातांमधून, "आत्ता नको गं. लोक बघतायत."

मी गाडीच्या पुढे जाऊन हात वर केला, त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या पायांसाठी. थोडं डावीकडे, सर. आणखी. आता सरळ. गाडी माझ्या मागून पावलापावलाने येत राहिली आणि टाळ्या वाढत गेल्या.

लोक बघत होते, खरंच. सगळे समोरून.